रिकाम्या जागेतील शब्द : डिजिटल रचनाव्यवस्थांचा एक भाषाशास्त्रीय विचार

एकाच शासनाच्या दोन खात्यांकडे दोन अर्ज करावयाचे असले, तर अर्जदाराला अर्ज करण्याची विद्या दोन वेळा शिकावी लागू नये, ही अपेक्षा साधी आहे. परंतु ती पुरी करण्यास पुष्कळ खटाटोप करावा लागतो. संगणकाच्या पडद्यावर एका ठिकाणी 'पुढे जा' असे सांगणारे बटण हिरवे आणि डावीकडे असते, तर दुसऱ्या ठिकाणी तेच काम करणारे बटण निळे, उजवीकडे आणि 'सादर करा' असे म्हणणारे असते. एके ठिकाणी जन्मतारीख तीन चौकटींत लिहावयाची असते, तर दुसरीकडे दिनदर्शिकेची पाने उलटीत साठ वर्षे मागे जावे लागते. या भेदांमागे काही विचार असतो असे नाही. निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या वेळी केलेल्या कामाचा तो साचलेला गाळ होय. तो साचू नये म्हणून गेल्या दहा-पंधरा वर्षांत जी पद्धती रूढ झाली, तिला 'डिझाइन सिस्टीम' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'रचनाव्यवस्था' हा शब्द योजला आहे.

रचनाव्यवस्था म्हणजे बटणांच्या व चौकटींच्या तयार चित्रांचा संग्रह, असा समज पुष्कळदा आढळतो. तो अपुरा आहे. संग्रहात वस्तू असतात. व्यवस्थेत वस्तूंबरोबर त्यांच्या परस्परसंबंधांचे नियमही असतात. कोणता घटक कोठे वापरावा, कोठे वापरू नये, त्यातील मजकूर कसा लिहावा, आणि हे सर्व असेच का, याची नोंद तीत असावी लागते. शिवाय प्रत्येक घटक प्रत्यक्ष चालविणारी संगणकीय आज्ञावलीही तिच्यासोबत दिलेली असते. या व्यवसायातील मंडळी आपल्या व्यवस्थेला सहजपणे 'दृश्य भाषा' म्हणतात, आणि तिच्या नियमांना 'व्याकरण' म्हणतात. अमेरिकन रचनाकार ब्रॅड फ्रॉस्ट यांनी २०१३ मध्ये जी उपपत्ती मांडली, तिच्यात उपमान रसायनशास्त्राकडून घेतले होते : अणू, रेणू आणि त्यांपासून बनणारे जीव. परंतु त्याहून जुनी प्रेरणा भाषेच्याच उपमानाची आहे. वास्तुशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर अलेक्झांडर व त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये प्रदेशाच्या आखणीपासून खिडकीजवळच्या बैठकीपर्यंत २५३ नमुने वर्णिले, आणि त्या ग्रंथाच्या नावातच 'भाषा' हा शब्द घातला. हे उपमान इतक्या मोकळेपणाने वापरले जात असेल, तर ते कोठवर टिकते हे तपासणे भाषेच्या अभ्यासकाला अप्रस्तुत वाटू नये.

या तपासणीसाठी ब्रिटिश शासनाची रचनाव्यवस्था विशेष सोयीची आहे. ती सर्वांना खुली आहे. तिच्यातील पुष्कळशा नियमांमागची कारणे नियमांशेजारीच लिहून ठेवलेली आहेत. आणि इंग्रजीबरोबर वेल्श या वेगळ्या प्रकृतीच्या भाषेशीही तिला गाठ घालावी लागली आहे.

या व्यवस्थेची पाळेमुळे रस्त्यावर आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ब्रिटनमधील रस्त्यांवरच्या पाट्या पूर्वी नाना तऱ्हांच्या होत्या. नव्या द्रुतगती मार्गांवरील पाट्यांचा विचार करण्यासाठी १९५७ मध्ये अँडरसन समिती नेमली गेली, आणि इतर सर्व रस्त्यांविषयी वर्बॉइज समितीने १९६३ मध्ये आपला अहवाल दिला. दोन्ही समित्यांसाठी पाट्यांची रचना जॉक किनीर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी केली, आणि १९६५ च्या आरंभापासून ती रस्तोरस्ती लागू झाली. या दोघांनी हजारो पाट्या रेखाटल्या नाहीत. त्यांनी पाट्या कशा रेखाटाव्यात याचे नियम घालून दिले. प्रत्येक अक्षर एका ठरावीक रुंदीच्या काल्पनिक फरशीवर बसविलेले होते. फरशीला फरशी भिडविली की अक्षरांमधील अंतर आपोआप योग्य पडे. मोठ्या 'आय' या रोमन अक्षराच्या रेघेची जाडी हे माप धरून पाटीवरील बाकीची अंतरे त्यावरून काढली जात. ज्या गावाचे नाव त्या दोघांनी कधी ऐकलेही नव्हते, त्या गावाची पाटी कारखान्यातील कारागीर बिनचूक बनवू शके. मर्यादित घटक आणि मर्यादित नियम यांतून अमर्याद नव्या रचना निर्माण होणे हा तर भाषेचा प्रधान गुणधर्म मानला जातो.

शासकीय संकेतस्थळांच्या बाबतीत ही दृष्टी यावयास आणखी जवळजवळ अर्ध्या शतकाचा काळ जावा लागला. २०१० मध्ये मार्था लेन फॉक्स यांनी आपल्या अहवालात शासनाची विखुरलेली संकेतस्थळे एका छत्राखाली आणावीत अशी शिफारस केली. तदनुसार २०११ मध्ये शासकीय डिजिटल सेवा हा विभाग स्थापन झाला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये 'गव्ह डॉट यूके' हे संकेतस्थळ सुरू झाले. त्यासाठी निवडलेला टंक म्हणजे किनीर व कॅल्व्हर्ट यांच्या रस्त्यावरील अक्षरांचेच नवे रूप होते. आरंभीची मार्गदर्शक सामग्री तीन वेगवेगळ्या ठिकाणी विभागलेली होती. ती एकत्र करून २०१८ च्या जूनमध्ये आजची रचनाव्यवस्था प्रसिद्ध झाली. तिचे तीन स्तर आहेत. अक्षरांचे आकार, रंग आणि अंतरे हा पहिला. बटण, रकाना, सूचनापट्टी असे घटक हा दुसरा. आणि नाव विचारणे, पत्ता विचारणे, चूक झाल्यास ती दाखविणे अशा कार्यांचे नमुने हा तिसरा. वर्ण, पद आणि वाक्य यांची आठवण व्हावी अशीच ही उतरंड आहे.

हे साम्य वरवरचे नाही. पर्याय निवडण्याच्या दोन घटकांचे उदाहरण पाहावे. पर्यायांपुढे वाटोळे चिन्ह असेल तर त्यांतील एकच निवडता येतो; चौकोनी असेल तर हवे तितके निवडता येतात. वाटोळेपणात 'एक' आणि चौकोनीपणात 'अनेक' असे अंगभूत काही नाही. जुन्या रेडिओवर एक कळ दाबली की आधी दाबलेली वर उठत असे, यावरून पहिल्या घटकाचे नाव पडले. पण हे नाव माहीत नसलेला मनुष्यही तो बिनचूक वापरतो, कारण त्याच्या मनात दोन आकारांमधील विरोध ठसलेला असतो. फेर्दिनां द सोस्यूर यांनी चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या विरोधातून निश्चित होते असे जे प्रतिपादन केले, त्याचे याहून सुबोध उदाहरण वर्गात देता येणार नाही. आणि म्हणूनच एखाद्या खात्याने केवळ शोभेसाठी चौकोनाचे कोपरे पुरते गोल केले, तर ती अलंकाराची बाब राहत नाही. मराठीत 'ताट' आणि 'ताठ' यांतील भेद कोणी शोभेसाठी पुसून टाकावा, त्यातलाच तो प्रकार होय.

तिसऱ्या स्तरावरील नियम अधिक उद्बोधक आहेत. मनुष्याला पाठ असलेली तारीख, उदाहरणार्थ जन्मतारीख, विचारावयाची असल्यास दिवस, महिना व वर्ष यांसाठी तीन साधे रकाने द्यावेत, असे ही व्यवस्था सांगते. पर्यायांची उघडझाप होणारी यादी शेवटचा उपाय म्हणूनच वापरावी, असेही ती बजावते. नावासंबंधीचा नियम तर आपल्याकडील प्रत्येक अर्जलेखकाने वाचण्याजोगा आहे : शक्य तेथे संपूर्ण नावासाठी एकच रकाना द्यावा, कारण प्रत्येकाच्या नावाचे 'पहिले' व 'शेवटचे' असे दोन भाग पडतातच असे नाही. ज्या समाजात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग रूढ आहेत, त्याला दोन रकान्यांचा अर्ज भरताना मधल्या नावाचे काय करावे हा प्रश्न पडतोच. परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या दोन कागदपत्रांवर दोन निरनिराळी नावे दिसतात, त्याचे मूळ पुष्कळदा अशा एखाद्या रकान्यात असते.

हे नियम कोण ठरवितो, हा प्रश्न भाषेच्या प्रमाणीकरणाच्या अभ्यासकाला साहजिकच पडेल. येथे एखादी विद्वत्सभा बसून निर्णय देते असे नाही. कोणत्याही खात्यातील रचनाकार नवा घटक सुचवू शकतो. तो उपयुक्त आहे काय आणि असलेल्या घटकांहून निराळा आहे काय, हे प्रथम पाहिले जाते. पुढे निरनिराळ्या खात्यांच्या प्रतिनिधींचा गट तो वापरून पाहिला गेला आहे काय, इतरांशी सुसंगत आहे काय, आणि अनेक प्रसंगी चालेल काय, याची छाननी करतो. कोशकार नव्या शब्दाला प्रवेश देताना काहीशी हीच कसोटी लावतो. या विभागाने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या तत्त्वांपैकी एक असे होते की, सुसंगत असावे, एकसाची असू नये. हा भेद मोलाचा आहे. भाषेतही शैलीचे स्वातंत्र्य व्याकरण मोडल्याने येत नाही.

व्यवस्था एकत्र असल्याचा व्यावहारिक लाभ २०१९ मध्ये स्पष्ट दिसला. अपंग व्यक्तींना संकेतस्थळे वापरता यावीत यासाठीचे नियम ब्रिटनमध्ये २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अंमलात आले. कळफलकाने वावरणाऱ्याला आपण पडद्यावर कोठे आहोत हे ठळकपणे कळावे म्हणून व्यवस्थेच्या तिसऱ्या आवृत्तीत रंग व खुणा एकाच वेळी बदलण्यात आल्या. अर्थात असा बदल आपोआप सर्वत्र पोहोचत नाही. प्रत्येक खात्याला नवी आवृत्ती आपल्या कामात उतरवून घ्यावी लागते, आणि जी खाती आळस करतात त्यांच्या पडद्यांवर जुनी 'बोली' पुष्कळ काळ टिकून राहते.

येथवर भाषेचे उपमान चांगले चालले. त्याची खरी परीक्षा घटकाच्या आत जी रिकामी जागा असते तेथे होते. ब्रिटिश व्यवस्थेत चुकीच्या सूचनांसाठी साचे दिलेले आहेत. रकाना कोरा राहिल्यास 'अमुक लिहा' असे म्हणावे. मजकूर लांबल्यास 'अमुक इतक्या अक्षरांचे किंवा त्याहून कमी असावे' असे म्हणावे. 'अमुक'च्या जागी नाव, पत्ता, तक्रार यांपैकी जे असेल ते घालावयाचे. इंग्रजीत ही घालघूस बहुधा निर्वेध होते. कारण इंग्रजी नाम वाक्यात कोठेही बसले तरी प्रायः आपले रूप बदलत नाही, आणि त्याच्यामुळे विशेषणही बदलत नाही. किनीर आणि कॅल्व्हर्ट यांच्या फरशीप्रमाणे ते शेजाऱ्याला नुसते भिडते. रचनाव्यवस्थांचे बहुतेक मूळ काम इंग्रजीत झाल्यामुळे, शब्द हा अविकारी असतो हे गृहीत त्यांच्या पोटात नकळत जाऊन बसले आहे.

वेल्श भाषेने हे गृहीत ब्रिटनमध्येच उघडे पाडले. वेल्समधील सार्वजनिक सेवांत तिला इंग्रजीच्या बरोबरीने वागविण्याचे बंधन १९९३ आणि २०११ च्या कायद्यांनी घातले आहे. या भाषेत शब्दाचा आरंभ शेजारच्या शब्दामुळे बदलतो. कार्डिफ या राजधानीचे वेल्श नाव 'काइर्दीद' असे आहे. 'काइर्दीदला' म्हणावयाचे तर 'ई गाइर्दीद' होते. 'काइर्दीदमध्ये' म्हणावयाचे तर 'अङ् ङ्हाइर्दीद'. आणि 'व काइर्दीद' असे म्हटले की 'आ खाइर्दीद', ज्यातील 'ख' घर्षक असतो. मराठी वाचकाच्या ध्यानात आलेच असेल की, हा विकार कवर्गाच्या घरातल्या घरात फिरतो. शहरांची नावे यादीतून उचलून तयार वाक्यात टाकणाऱ्या यंत्राला मात्र या घराची वार्ता नसते.

संख्येच्या बाबतीतही तीच गत आहे. निरनिराळ्या भाषांत संख्येबरोबर मजकुराची किती रूपे लागतात, याची नोंद युनिकोड संघटनेच्या भाषाविषयक माहितीसंग्रहात आहे. त्यात इंग्रजीला दोन रूपे दिली आहेत, तर वेल्शला सहा : शून्य, एक, दोन, तीन आणि सहा यांसाठी वेगवेगळे वर्ग आणि बाकीच्या संख्यांसाठी आणखी एक. कुत्र्याला वेल्शमध्ये 'की' म्हणतात. दोन असता 'दाय गी', तीन असता 'त्री खी', चार असता पुनः 'पेद्वार की', आणि सहा असता 'ख्वे खी'. आता, लिहिताना किती अक्षरे उरली हे सांगणारा एक घटक ब्रिटिश व्यवस्थेत आहे. त्याचे वाक्य आज्ञावलीतच इंग्रजीत गोठलेले होते. २०२२ च्या अखेरीस ते बाहेरून देण्याची सोय झाली, आणि तीत ही सर्व रूपे स्वतंत्रपणे लिहिता येऊ लागली. घटकाची बाह्याकृती तसूभरही बदलली नाही. परंतु एका भाषेची गरज म्हणून त्याच्या आतल्या रिकाम्या जागेचा आकार बदलला.

मराठीकडे वळल्यास असे दिसते की, वेल्शमध्ये जे शब्दाच्या आरंभी घडते ते आपल्याकडे त्याच्या अंती घडते. 'पुणे' या नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप व्हावे लागते : पुण्याला, पुण्यात, पुण्याहून. गावाचे नाव जसेच्या तसे उचलून त्यापुढे 'हून' चिकटविणारा घटक 'पुणेहून' असे लिहील, आणि ते प्रत्येक पडद्यावर, सारख्याच टंकात, सारख्याच अंतरावर लिहील. एकरूपता येथे परिपूर्ण आहे. फक्त ती मराठीची नाही. वरील लांबीच्या सूचनेचा साचा घ्यावा : 'आपले नाव मोठे नसावे', 'आपली तक्रार मोठी नसावी', 'आपला पत्ता मोठा नसावा'. एका नामासाठी दोन्ही बाजूंचे शब्द बदलतात. माहितीसंग्रहात मराठीला इंग्रजीप्रमाणेच एकवचन आणि इतर अशी दोनच रूपे आहेत. परंतु 'पाच अर्ज आले', 'पाच तक्रारी आल्या', 'पाच पत्रे आली' यांतील भेद वचनाचा नसून लिंगाचा आहे, आणि लिंग हे संख्येत नसते, नामात असते. लिंगानुसार वाक्य निवडण्याची सोय आज्ञावली लिहिण्याच्या प्रचलित पद्धतींत आहे. ती वापरावयाची तर प्रत्येक नामाबरोबर त्याचे लिंग नोंदवून ठेवावे लागते, आणि असा विचार इंग्रजीतून आरंभ करणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही.

उरलेली अक्षरे मोजणारा जो घटक वर आला, तो मराठीत आणल्यास आणखी एक पेच उभा राहतो. 'स्त्री' हे मराठी वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर आहे. यंत्र त्याची मोजणी सहा करते : स, हलन्त-चिन्ह, त, पुनः हलन्त-चिन्ह, र आणि वेलांटी. 'पत्नी' या दोन अक्षरांची ते पाच करते. म्हणजे पाचशे 'अक्षरां'ची मर्यादा असलेल्या रकान्यात मराठीत तक्रार लिहिणाऱ्याला पाचशे अक्षरे मिळतच नाहीत. जोडाक्षरे आणि मात्रा यांच्या प्रमाणात त्याची जागा घटत जाते. पडदा त्याला जी संख्या सांगतो ती त्याच्या भाषेत खोटी असते. हे केवळ शब्दाच्या अनुवादाने सुटणारे नाही. मोजावयाचे काय, हेच नव्याने ठरवावे लागते.

लिपीच्या अन्य गरजा तुलनेने सोप्या आहेत, आणि त्यांची दखल आधी घेतली गेली. २०१४ मध्ये आलेल्या गूगलच्या मटेरिअल डिझाइन या व्यवस्थेने जगातील लेखनाचे तीन वर्ग पाडून हिंदी, अरबी, थाई इत्यादींना 'उंच' म्हटले होते, म्हणजे वरखाली चिन्हे येत असल्यामुळे त्यांच्या ओळींत अधिक अंतर ठेवावे. देवनागरी उंच आहे हे आपणांस ठाऊक नव्हते. रोमन लिपी ठेंगणी आहे असेही म्हणता आले असते. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीतील 'ल' व 'श' यांची विशिष्ट वळणे प्रमाण ठरविली आहेत. काही टंकांत ती दिसावयाची तर पृष्ठाची भाषा मराठी आहे असे आज्ञावलीत जाहीर करावे लागते. क्रियापदांचा आदरार्थ हीदेखील एकदाच ठरविण्याची बाब आहे : 'पाठवा', 'पाठवावे' की 'पाठविणे'. एकाच अर्जात तिन्ही आढळली, तर वाचणाऱ्याला आपल्याशी तीन माणसे बोलत आहेत असे वाटते.

या सर्व अडचणींतून सुटण्याची एक जुनी युक्ती आपल्या दप्तरांत आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यात वाक्ये नसतात. 'गाव', 'तालुका', 'जिल्हा' अशी शीर्षके असतात आणि त्यांपुढे नावे प्रथमेत उभी असतात. विभक्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. 'निघण्याचे ठिकाण : पुणे' असे लिहिले की 'पुणेहून' टळते. रचनाव्यवस्थेत मराठीसाठी असा कोष्टकी घटक जितक्या ठिकाणी वापरता येईल तितका वापरावा, यात शंका नाही. तथापि चूक समजावून सांगताना, मुदत संपत आल्याचे कळविताना किंवा पुढे काय करावे हे सांगताना पडद्याला वाक्यात बोलावेच लागते, आणि मोडकी मराठी बोलणारे पृष्ठ शासनाचे आहे की कोणा ठकाचे, असा संशय वाचणाऱ्याच्या मनात आला तर त्याला दोष देता येत नाही. ब्रिटिश व्यवस्थेने आपला टंक आणि राजमुकुटाचे चिन्ह स्वतःच्या संकेतस्थळांपुरतेच राखून ठेवले आहे, ते याच संशयाला जागा राहू नये म्हणून.

अशा वेळी नावासोबत त्याचे सामान्यरूपही साठवून ठेवणे हाच मार्ग उरतो. महाराष्ट्रात जिल्हे ३६ आहेत. त्यांची रूपे एका बैठकीत लिहून होतील. गावे मात्र चाळीस हजारांहून अधिक आहेत. त्यांतील बहुसंख्य नावे '-गाव', '-वाडी', '-पूर' अशा मोजक्या अंत्यपदांची असल्यामुळे थोड्या नियमांत बसतात. तरी 'कोल्हापूरहून' दीर्घ राहणारा ऊकार 'कोल्हापुरात' येताच ऱ्हस्व होतो, हे त्या नियमांना ठाऊक असले पाहिजे. जी नावे कोणत्याच नियमात बसत नाहीत, त्यांच्या बाबतीत तेथील लोक आपल्या गावाहून निघताना आणि गावात परतताना काय म्हणतात, हे त्यांनाच विचारून नोंदवावे लागेल.